शून्य कुठे धरायचे?

उन्हाळा कडक झाला की जायकवाडी धरणाची बातमी येते: त्याच्या नाथसागर जलाशयात शून्य टक्के पाणी. २०१६ आणि २०१९च्या दुष्काळात ही बातमी छत्रपती संभाजीनगरच्या घराघरांत वाचली गेली. पुढे टक्केवारी उणेही झाली. शून्याच्या त्या दिवशी धरणात ७३८ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे २६ टीएमसी पाणी होते आणि शहराचे नळ त्याच पाण्यावर चालत राहिले. धरणाची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर. त्यातले वरचे २,१७१ म्हणजे उपयुक्त साठा, तळाचा तो मृतसाठा, आणि टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या भागाची. त्याच धरणाची पातळी फुटांतही सांगतात. पूर्ण भरलेल्या नाथसागराची पातळी १,५२२ फूट, हा आकडा पैठण परिसरात लहान मुलांनाही पाठ असतो. पण हे फूट धरणाच्या पायथ्यापासूनचे नाहीत, समुद्रसपाटीपासूनचे आहेत. पाणी एकच, त्याचा पृष्ठभाग एकच, आणि तो दोन वेगळ्या शून्यांवरून सांगितला जातो. यात कुणी खोटे बोलत नाही. तरीही 'धरण रिकामे झाले' असा जो अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उतरतो, तो खोटा असतो. सांगणारा खरे बोलला आणि ऐकणाऱ्याच्या पदरात खोटे पडले, तर त्या वाक्याला सत्य म्हणायचे का? मला वाटते, म्हणू नये. उभे स्थान सांगणारा आकडा कशापासून मोजला, कोणत्या दिशेने वाढतो आणि कशावरून ठरवला, हे सांगेपर्यंत वाक्यच पुरे होत नाही. आणि अपुरे वाक्य खरेही नसते, खोटेही नसते. समुद्रविज्ञानातल्या नोंदींना नावे देण्याचे जे नियम गेल्या दोन-तीन दशकांत घडले, त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे, आणि आपल्या दर्शनांत तो फार पूर्वीपासून वादाचा विषय आहे.

वर आणि खाली हा भेद तर निसर्गानेच दिला आहे, त्यात ठरवण्यासारखे काय, असे कुणी म्हणेल. हे म्हणणे अर्धे बरोबर आहे. गवंडी ओळंबा सोडतो तेव्हा खाली कुठे, हे ठरवायला कुणाची संमती लागत नाही. पण ओळंबा दिशा दाखवतो. मोजायला कुठून लागायचे ते दाखवत नाही. वेरूळचे सोळावे लेणे पाहा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, आठव्या शतकातले हे कैलास मंदिर डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेले आहे. कोरणाऱ्यांसाठी शिखर हा आरंभ होता आणि तिथून सुमारे ३० मीटर खोल उतरायचे होते. आज अंगणात उभा राहणारा भाविक तेच ३० मीटर उंची म्हणून पाहतो. पाषाण तोच, अंतर तेच. आरंभ बदलला आणि चिन्ह उलटे झाले. वैशेषिकांनी या गोष्टीचा बारकाईने विचार केला होता. त्यांच्या मते दिक् हे द्रव्य एकच आहे; पूर्व, पश्चिम हे भेद सूर्याशी येणाऱ्या संबंधांमुळे, उपाधींमुळे पडतात. प्रशस्तपादांच्या दहा दिशांत वरच्या दिशेला ब्राह्मी आणि खालच्या दिशेला नागी अशी नावे आहेत. पण मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे परत्व आणि अपरत्व यांविषयीचे मत. दूरपणा आणि जवळपणा हे गुण पाहणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीमुळे उपजतात, आणि तरीही ते वस्तूचेच गुण असतात, असे हे दर्शन मानते. कुणाच्या तरी अपेक्षेने ठरणारी गोष्ट म्हणजे केवळ मनाचा खेळ, ही आपली सवयीची समजूत इथे मोडते.

निदान समुद्रसपाटी हे तरी निसर्गाने दिलेले शून्य आहे ना? रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकापासून भूगोलाच्या पुस्तकापर्यंत सगळे तिथूनच मोजतात. पण समुद्र सपाट नाही आणि स्थिरही नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाने १९०९मध्ये पुऱ्या केलेल्या समतलनात कराचीपासून ओडिशाच्या फॉल्स पॉइंटपर्यंत नऊ बंदरांवरची सरासरी समुद्रपातळी शून्य धरली. नऊही ठिकाणचा समुद्र एकाच पातळीत आहे हे त्यात गृहीत होते, आणि ते काटेकोरपणे खरे नव्हते. उपग्रहांनी मोजलेली उंची तर समुद्रापासूनची नसतेच. ती पृथ्वीच्या आकाराशी जुळवलेल्या एका गणिती लंबगोलापासूनची असते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागराचा सरासरी पृष्ठभाग या लंबगोलाच्या १०० मीटरांहून अधिक खाली आहे, कारण तिथे गुरुत्वाकर्षण क्षीण आहे. महाराष्ट्रातही समुद्रसपाटीचा पृष्ठभाग, तो जमिनीखाली चालू आहे अशी कल्पना केली तर, लंबगोलाच्या ५० मीटरांहून अधिक खाली राहतो. त्यामुळे संभाजीनगरच्या एखाद्या चौकाची उपग्रहाने दिलेली उंची आणि नकाशातली उंची यांत तेवढा फरक पडतो, आणि दोन्ही बरोबर असतात. खलाशाचे शून्य आणखी निराळे. त्याला जहाज तळाला लागू द्यायचे नसते, म्हणून सागरी नकाशातली खोली ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून मोजतात. भारतीय बंदरांसाठी अशी एक पातळी चार्ल्स डार्विन यांचे पुत्र जॉर्ज डार्विन यांनी सुचवली होती. पावसाळ्यात मुंबईला साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचा इशारा दिला जातो तो याच शून्यावरून. मुंबईची सरासरी समुद्रपातळीच या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. बातमीत मात्र 'साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार' असे सांगतात. भरतीची पातळी आणि लाटेची उंची ही दोन वेगळी मोजमापे आहेत, त्यांची शून्येही वेगळी आहेत. पण शून्याचे नाव गळले की एकाचा आकडा दुसऱ्याच्या अंगावर चढतो आणि लाखो लोक नसलेल्या लाटेला घाबरतात.

समुद्र आणि हवामान यांच्या नोंदी एकमेकांना देणाऱ्या शास्त्रज्ञांना हा गोंधळ परवडणारा नव्हता. २००३ पासून रूढ झालेल्या सीएफ या नामसंकेतांत म्हणून 'उंची' असा एक सरसकट शब्द चालत नाही. पृष्ठभागापासून वर मोजलेले अंतर म्हणजे हाइट, पृष्ठभागापासून खाली मोजलेले म्हणजे डेप्थ, आणि भूपातळीपासून, म्हणजे समुद्रसपाटीशी जवळपास जुळणाऱ्या समगुरुत्व पृष्ठापासून मोजलेले म्हणजे अल्टिट्यूड. समुद्राच्या पृष्ठभागाच्या उंचीला भूपातळीपासून, सरासरी समुद्रपातळीपासून आणि संदर्भ लंबगोलापासून अशी तीन वेगळी नावे आहेत. शिवाय आकडा वाढतो तेव्हा आपण वर जातो की खाली, हे वेगळ्या खुणेने लिहावे लागते. ही खूण किती गरजेची आहे हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींत जमिनीपासून पाणी किती मीटर खाली आहे ते मोजते. तो आकडा वाढला की पाणी खाली गेलेले असते. 'पातळी दोन मीटरने वाढली' हे वाक्य एका वाचकाला आनंदाचे वाटते आणि दुसऱ्याला संकटाचे, आणि वाक्यात असे काहीही नसते ज्यावरून कोण बरोबर ते ठरावे.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा: माणसे सगळे शब्द उच्चारत नाहीत, संदर्भ उरलेले पुरवतो. नैयायिकांनी वाक्याला आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या अटी घातल्या, हे खरे. 'पाच मीटर' एवढे ऐकल्यावर 'कशापासून' ही आकांक्षा उरते, हेही खरे. पण ती आकांक्षा ऐकणारा स्वतः भागवतो. मीमांसकांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. कुणी नुसते 'दार' म्हटले की ऐकणारा ते लावून घेतो. याला अध्याहार म्हणतात. पण अध्याहारात नेमके काय पुरवायचे यावर मीमांसकांतच दोन तट होते. प्राभाकरांच्या मते अर्थ पुरवला की भागते. भाट्टांच्या मते गाळलेला शब्दच पुरवावा लागतो, कारण शब्दबोध शब्दांतूनच व्हायला हवा. घरात, बाजारात, होडीवर प्राभाकरांचे मत पुरते, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकाच दारापुढे उभे असतात. मुंबईच्या अपोलो बंदरावरची भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची आहे. ती पहिली नोंद करणारा आणि आज समुद्र किती चढला हे पाहणारा, यांच्यासमोर एक दार नाही. मधल्या दीडशे वर्षांत उपकरणे बदलली, माणसे गेली, आणि आता आकडे वाचतो तो संगणक, ज्याला अंगणही नाही आणि दारही नाही. तिथे भाट्टांचा आग्रहच खरा ठरतो: शब्द लिहायलाच हवा. न जन्मलेल्या वाचकाशी बोलणाऱ्याला अध्याहारावर विसंबण्याचा हक्क नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो शंकराचार्यांच्या नावाने मांडता येतो. वेरूळला ३० ते ३४ ही लेणी जैनांची आहेत, आणि ज्या सिद्धांताची मला इथे सारखी आठवण होते तो त्यांचा अनेकान्त: प्रत्येक विधान एका अपेक्षेने खरे असते आणि ती अपेक्षा विधानात सांगितली पाहिजे. ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात आचार्यांनी त्यावर प्रहार केला आहे. एकाच वस्तूत एकाच वेळी परस्परविरुद्ध धर्म राहू शकत नाहीत. आणि प्रत्येक गोष्ट 'अशीही आहे, तशीही आहे' असे म्हणणारे ज्ञान अनिश्चित असल्याने गुरूने उपदेश काय करायचा आणि शिष्याने आचरायचे काय? आजच्या भाषेत हाच प्रश्न असा होतो: शून्ये दहा असतील तर धरणात पाणी आहे की नाही ते एकदा स्पष्ट सांगा, अपेक्षांच्या आड लपू नका. हा आक्षेप हलका नाही. सापेक्षतेचे नाव घेऊन उत्तर टाळणारे पुष्कळ असतात. पण तो जैन सिद्धांताला लागू होत नाही, असे माझे मत आहे, आणि त्याचे उत्तर जैन तत्त्वज्ञ अकलंकदेवांच्या तत्त्वार्थराजवार्तिकात आहे. अनेकान्त म्हणजे संशय नव्हे. संशयात दोन पक्षांपैकी एकही ठरत नाही. अनेकान्तात प्रत्येक पक्ष आपापल्या अपेक्षेने पक्का ठरलेला असतो. म्हणूनच त्यांच्या विधानांत अपेक्षेबरोबर निश्चयही उच्चारलेला असतो: या अपेक्षेने आहेच. 'नाथसागराची पातळी समुद्रसपाटीपासून इतके फूट आहे' आणि 'उपयुक्त साठ्याच्या तळापासून शून्य आहे' या दोन वाक्यांत विरोध नाही आणि दोन्हींत तिळभर अनिश्चितता नाही. उलट अपेक्षा गाळलेले 'शून्य' हेच अनिश्चित आहे, कारण ते स्पष्ट बोलल्याचा आव आणते आणि ऐकणाऱ्याला काय करायचे ते कळू देत नाही. आचार्यांची उपदेशयोग्य ज्ञानाची अट मला पूर्ण मान्य आहे. ती अट पुरी करण्याचा मार्ग अपेक्षा सांगण्यातून जातो.

मग कुणी विचारेल की शून्य माणसाने निवडायचे तर उंचीही माणसाने बनवलेलीच झाली. नागार्जुनांनी, ज्यांचा संबंध परंपरा सातवाहनांशी जोडते, रत्नावलीत ऱ्हस्व आणि दीर्घ एकमेकांवाचून सिद्ध होत नाहीत असे दाखवले. वर आणि खाली यांनाही ते लागू आहे. मी त्यांच्याबरोबर इतपत जातो की एकट्या बिंदूला उंची नसते. पण दोन बिंदूंमधले अंतर शून्य हलवल्याने हलत नाही. नाथसागर भरायला किती फूट उरले, याचे उत्तर समुद्रापासून मोजा की धरणाच्या पायापासून, एकच येते. जे सगळ्या शून्यांना पुरून उरते ते पाण्याचे आहे, जे बदलते ते आपल्या बोलण्याचे. कोणते कशात मोडते हे कळायचे असेल तर शून्याचे नाव सांगावेच लागते. न सांगितलेले शून्य मात्र निष्पाप राहत नाही, आणि इथे हा प्रश्न तर्काकडून न्यायाकडे वळतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४च्या आदेशाने असे ठरवले की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचे. हे ६५ टक्के उपयुक्त साठ्याचे आहेत. कुणी एकूण साठ्याचा आकडा पुढे केला तर तेच पाणी पुरेसे भासेल. दरवर्षीच्या या भांडणात दोन्हीकडचे लोक मनापासून खरे बोलतात आणि वेगवेगळ्या तळांवरून मोजतात. टक्केवारीचे शून्य हे सिंचनाच्या हिशेबाचे शून्य आहे. धरणात गेलेल्या शेतीवर, पाणी ओसरल्यावर गाळपेर करणाऱ्या कुटुंबाचे शून्य निराळे असते, आणि उथळ काठावर उतरणाऱ्या पाणपक्ष्यांना तर पाणी काही हात खाली गेलेलेच हवे असते. नाव न दिलेले शून्य कुणाचे, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच निघते: ज्याच्या हाती नोंदवही आहे त्याचे.

नावांचे ओझे फार होते ही तक्रारही ऐकू येते. सीएफच्या यादीत आज हजारो नावे आहेत, आणि संदर्भपातळी नावातच गुंफायची की वेगळ्या रकान्यात लिहायची यावर जाणत्यांतही मतभेद आहेत. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. नावाने जात सांगावी, बाकी तपशील शेजारी असावा. ओझ्याची तक्रार त्यापुढे मला फारशी टिकणारी वाटत नाही. टिकणारा आक्षेप निराळा आहे: निर्दोष नाव असलेला आकडाही चुकीचा असू शकतो. हे अगदी खरे आहे आणि समुद्रानेच ते दाखवून दिले आहे. आर्गो प्रकल्पाचे तरंगते मापक साधारण दर १० दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येत तापमान आणि क्षारता मोजतात. भारताच्या मापकांची माहिती हैदराबादची इन्कॉइस ही संस्था सांभाळते. हे मापक खोली मोजतच नाहीत, दाब मोजतात, आणि दाबावरून खोली काढायची तर अक्षांशाप्रमाणे बदलणारे गुरुत्व धरावे लागते. ३० अक्षांशावर १०,००० डेसिबार दाब म्हणजे सुमारे ९,७१३ मीटर खोली. म्हणून आर्गोच्या नोंदीत दाब हा दाब म्हणूनच लिहितात, जे प्रत्यक्ष आहे ते प्रत्यक्ष म्हणून. खोली हे अनुमान, ते ज्याचे त्याने करावे. त्याआधी अनेक दशके जहाजांवरून एक्सबीटी नावाचे मापक पाण्यात टाकत. ते खोलीही मोजत नसे आणि दाबही मोजत नसे. पडायला किती वेळ झाला यावरून खोली काढत आणि नोंदीत सरळ 'खोली' असे लिहीत. अनुमानाला प्रत्यक्षाचे नाव मिळाले होते. १९९५मध्ये दाखवले गेले की मूळ सूत्राने येणारी खोली प्रत्यक्षाहून सुमारे ३ टक्क्यांनी कमी असते. काहींनी नवे सूत्र घेतले, काहींनी जुनेच ठेवले, आणि कोणत्या नोंदीत कोणते, हे पुष्कळदा लिहिलेच गेले नाही. २००६मध्ये समुद्राचा वरचा थर २००३ नंतर थंड झाल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला. आर्गोच्या काही मापकांचे तापमान चुकीच्या दाबाशी जोडले गेले होते आणि एक्सबीटीच्या नोंदी प्रत्यक्षाहून उष्ण दाखवत होत्या. थंड झालेला समुद्र हा मोठ्या अंशी चुकीच्या पातळीवर लिहिलेला समुद्र होता. नावाने ही चूक टळली नाही, हे मान्य करायला हवे. पण आर्गोच्या मापकांची जात आणि त्यांतले उपकरण नोंदीसोबत होते, म्हणून दोषी मापक ओळखून बाजूला काढता आले. जुन्या एक्सबीटी नोंदींपैकी ज्यांच्यासोबत मापकाचा प्रकार लिहिलेला आहे त्या दुरुस्त करता येतात; ज्यांच्यासोबत तो नाही, त्यांच्या खोलीविषयी आजही संशोधकांना वर्ष, देश आणि जहाज पाहून तर्क करावा लागतो.